अंगणातली शेकोटी: नियम कुठे आडवे येतात आणि जाळ कसा सांभाळायचा

डिसेंबर लागला की पुणे-नाशिककडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज हमखास पडतात. एक, "शनिवारी खाली शेकोटी करायची का?" दुसरा, "खाली कोण काय जाळतंय? घरभर धूर झालाय." दोन्ही बरोबर असतात. शेकोटी ही गुन्ह्याची गोष्ट नाही आणि धूर सहन करायला वरच्या मजल्यावरचे लोक बांधील नाहीत. भांडण होतं ते मधल्या गोंधळामुळे. आपण ज्याला शेकोटी म्हणतो त्यातलं निम्मं सामान खरं तर कचरा असतो, आणि कायद्याचा डोळा त्या कचऱ्यावर आहे. म्हणून आधी नियम, मग जागा, मग सरपण. काडी सगळ्यात शेवटी.

"माझी जागा, माझा जाळ" कुठवर चालतं

घरगुती शेकोटीसाठी वेगळा परवाना देणारी खिडकी मी तरी कुठल्या क्षेत्रीय कार्यालयात पाहिलेली नाही. याचा अर्थ मोकळं रान आहे असा लोक घेतात. तसं नाही.

2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकायला, जाळायला आणि पुरायला मनाई केली. "आवाराबाहेरच्या" या शब्दावर बोट ठेवून "आम्ही तर कंपाउंडच्या आत जाळतो" असं म्हणणारे भेटतात. पण त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने देशभरात उघड्यावर कचरा जाळण्यावर सरसकट बंदी घातली. साध्या प्रकरणात 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. जमीन कोणाच्या नावावर आहे याला तिथे महत्त्व नाही. मुंबई महापालिकेचा दंड तर वर्षानुवर्षे अवघा 100 रुपये होता, तो 1 एप्रिल 2025पासून 1,000 झाला.

बागेतला पालापाचोळासुद्धा यातून सुटत नाही. 2016च्या नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावावी, असं स्पष्ट होतं. तेव्हा माळी सकाळी झाडून कोपऱ्यात जो ढीग पेटवतो, ती शेकोटी नव्हे.

झाडाच्या बुंध्याशी पाला जाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राच्या शहरी भागातल्या 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यात "झाड तोडणे" याच्या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. साल भाजली की झाड दोन-तीन वर्षं उभं राहून मग वाळतं, आणि तोवर कोणाला त्या ढिगाची आठवणही नसते. होळीच्या आधी मुंबई महापालिका दरवर्षी याच कायद्याची आठवण करून देते: विनापरवाना झाड तोडल्यास किमान 1,000 ते 5,000 रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद.

आता जाळ शुद्ध लाकडाचा आहे, कचरा नाही, तरी हाताबाहेर गेला तर? भारतीय न्याय संहितेचं कलम 287 (जुन्या दंडसंहितेतलं 285) नेमकं यासाठी आहे. आगीशी किंवा ज्वालाग्राही वस्तूशी कोणाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला, किंवा आपल्या ताब्यातल्या आगीची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आग मुद्दाम लावून नुकसान केलं तर प्रकरण वेगळ्या आणि खूप जड कलमाखाली जातं. शेजाऱ्याला रोजचा धूर असह्य झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 152खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव बंद करण्याचा आदेश देऊ शकतात. हा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे.

जंगलाला लागून फार्महाऊस असेल, म्हणजे मुळशी, कर्जत, महाबळेश्वर, सह्याद्रीतला कुठलाही पट्टा, तर 1927चा भारतीय वन कायदाही येतो. राखीव वनात आग लावणं, पेटती ठेवणं, नेणं हे त्याच्या कलम 26खाली गुन्हे आहेत. वनखात्यासाठी 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. या चार महिन्यांत डोंगरउतारावरच्या बंगल्यात उघडा जाळ करूच नये, असं माझं मत आहे. गवत तेव्हा नुसतं निमित्त शोधत असतं. मार्च 2023मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपास दिवसेंदिवस धुमसलेले वणवे आठवा. वणवा दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे.

कोणाला विचारायचं

स्वतंत्र बंगला असेल तर दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं कोणी असेल तर ते तेव्हाच कळतं आणि तारीख बदलता येते. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, फोनवर नको, मेसेजवर.

सोसायटीत चेअरमन "करा की" म्हणाले एवढ्यावर भागत नाही. कमिटीची लेखी परवानगी घ्या. त्यात जागा, वेळ, जबाबदार दोन माणसं आणि विझवायला कोण थांबणार हे लिहा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण शेकोटी पेटवायला दहा जण असतात आणि अकरा वाजता विझवायला बहुतेक वेळा एकटा वॉचमन. मोठा कार्यक्रम, मंडप, स्पीकर असेल तर पोलीस ठाणे आणि अग्निशमन दलाला कळवावं लागतं. गावात ग्रामपंचायतीला सांगून ठेवा. पोलीस किंवा जिल्हाधिकारी अधूनमधून मनाई आदेश काढतात, तेही त्या आठवड्यात पाहून घ्या.

परदेशात राहून अंगणात होळी करणाऱ्यांसाठी: अमेरिकेत काउंटीचा 'बर्न बॅन' (उघडा जाळ करायला तात्पुरती मनाई) चालू आहे का आणि वसाहतीच्या संघटनेचे नियम काय, हे दोन्ही आधी तपासा. तिथे अनेक ठिकाणी आधार धरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये करमणुकीचा छोटा जाळ म्हणजे तीन फूट व्यासाचा आणि दोन फूट उंच, तोही इमारतीपासून 25 फुटांवर. त्याहून मोठी शेकोटी 50 फुटांवर. आपल्याकडच्या महापालिकांच्या सूचनांत असे आकडे सहसा सापडत नाहीत. म्हणून मी हेच आकडे उसने घेतो आणि घरच्या शेकोटीला ते पुरतात.

जागा

25 फूट म्हणजे साधारण दहा मोठी पावलं. सोसायटीच्या आवारात चारही बाजूंना दहा पावलं मोकळी सापडत नसतील तर तिथे शेकोटी होत नाही, विषय संपला. अंतर मोजताना भिंतच नव्हे, तर पार्किंगमधल्या गाड्या, मंडपाचं कापड, वाळत घातलेले कपडे, मीटर रूम, पाइप गॅसची लाइन आणि डीजी सेटची डिझेल टाकी हेही धरा. फायर ब्रिगेडची गाडी आत येण्याची वाट शेकोटीभोवतीच्या खुर्च्यांनी अडवू नका.

मग वर बघा. विजेच्या तारा, केबल, फांद्या. आणि मोहोळ. आग्या मोहोळ असलेल्या पिंपळाखाली किंवा गॅलरीखाली धूर केला तर काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा त्या बाजूला काडी ओढत नाही. अंधारात मोहोळ दिसत नाही, म्हणून जागा दिवसाउजेडी ठरवा.

खालीही बघा. ड्रेनेजच्या किंवा सेप्टिक टँकच्या चेंबरच्या झाकणावर, किंवा त्याच्या जवळ, जाळ करायचा नाही. आत मिथेन साठलेला असू शकतो. पेव्हर ब्लॉक आणि शहाबादी फरशी तापून तडकते, डांबर वितळतं. गच्चीवर तर उघडा जाळ नकोच. वॉटरप्रूफिंग जातं, आणि कॉंक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होऊन वरचा थर टवके उडून फुटतो. पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या घराचं छत गळायला लागलं की मग शेकोटीचे फोटो पुरावा म्हणून बाहेर येतात. गच्चीवर बसायची हौसच असेल तर पाय असलेली लोखंडी शेगडी, तिच्याखाली विटा आणि वाळू, आणि फक्त कोळसा.

जमिनीवर जागा पक्की झाली की दोन-अडीच फूट व्यासाचा, वीतभर खोल खड्डा करा. भोवती दहा फुटांतलं गवत, पाला, कागद झाडून काढा. कडेला विटा लावा. नदीतले किंवा ओले गोटे लावू नका. त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपची थेट बसलेल्यांच्या अंगावर येते. फरशीवरच करायची वेळ आली तर सहा इंच वाळू पसरून तिच्यावर विटांचा थर द्या.

हुरड्याची आगटी कधी नीट पाहिली आहे का? लहानसा खड्डा, गोवऱ्यांचा निखारा, ज्वाळा जवळजवळ नाहीच, आणि कणसं राखेत सरकवलेली. आठ-दहा माणसं भोवती बसून तास-दोन तास शेकतात, खातात. अलिबागकडच्या पोपटीतही मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं घालून भोवती अर्धा-पाऊण तास जाळ करायचा आणि संपवायचं. दोन्ही ठिकाणी जाळ कामापुरता असतो. शहरात आपण जी पुरुषभर उंचीची शेकोटी करतो ती रील काढण्यापुरती बरी. तिच्याजवळ सहा फुटांवरही बसवत नाही आणि ठिणग्या तिसऱ्या मजल्यावर जातात. जाळ गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच माप लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

काय जाळायचं, काय नाही

वर्षभर वाळलेलं बाभूळ, आंबा, चिंच, नारळाची करवंटी, सोडणं, गोवऱ्या. लाकूड वाळलंय की नाही हे दोन तुकडे एकमेकांवर आपटून कळतं: टणक खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, बद्द आवाज आला तर ओलं. टोकाला भेगा पडलेल्या असतात आणि साल सहज सुटते. ओल्या लाकडाची उष्णता आधी आतलं पाणी उडवण्यात जाते, म्हणून ते धुमसतं आणि सगळा धूर शेजाऱ्याकडे पाठवतं. बांबू वापरायचाच तर चिरून घ्या, नाहीतर पेरातली हवा तापून फटाक्यासारखा फुटतो.

नको ती यादी मोठी आहे. फर्निचरच्या कामातून उरलेलं प्लायवूड, एमडीएफ, सनमायका, रंग दिलेली चौकट: गोंद आणि रंगातून फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात. पीव्हीसी पाइप आणि वायरीचं आवरण जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन. टायर, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला यांच्याबद्दल बोलायलाच नको. शेराच्या कुंपणाची छाटणी जाळू नका, चिकाचा धूर डोळ्यांना झोंबतो. कण्हेर विषारी आहे, तिची काडी पनीर भाजायलासुद्धा वापरायची नाही. कोकणात काजूची टरफलं आणि बिब्बा हौसेने जाळात टाकणारे असतात. त्यांतल्या तेलाने अंगावर उततं आणि धूर लागला तर चेहरा सुजतो.

पेटवणं आणि राखण

वेळ संध्याकाळी सात ते दहा बरी. पहाटेची शेकोटी ऊब चांगली देते, पण हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर उठत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहतो. पेटवण्याआधी एक उदबत्ती लावून पाहा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा होऊन कोणाच्या खिडकीकडे चालला, किंवा झाडाच्या बारीक फांद्या हलत असतील, तर त्या दिवशी शेकोटी रद्द.

जाळाजवळ पाणी आधी आणून ठेवायचं. दोन भरलेल्या बादल्या, एक पाण्याच्या नळीचं टोक चालू अवस्थेत, एक घमेलं वाळू आणि एक फावडं. लॉबीतला फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा, पण आधी त्याचा काटा हिरव्यात आहे ना आणि पिन कुठे आहे हे बघून. निखारे त्यातल्या पावडरला फारसे जुमानत नाहीत, तिथे पाणीच लागतं. एक्स्टिंग्विशर आहे तो शेजारच्या गाडीला किंवा मंडपाला लागलं तर.

पेटवायला कापूर, सोडणाची शेंडी, वाळक्या बारीक काटक्या. पेट्रोल कधीच नाही. पेट्रोलची वाफ खड्ड्याबाहेर जमिनीवर पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या पायाशी आधी भडका होतो. रॉकेल आणि थिनर धुमसत्या जाळावर ओतणं त्याहून वाईट, ज्वाळा धारेवरून डब्यापर्यंत येते. सॅनिटायझरची ज्वाळा उजेडात दिसतही नाही. जाळ बसत नसेल तर वारा घाला, बारीक काटक्या घाला, थांबा.

अंगावर सुती कपडे. नायलॉनचं जॅकेट आणि सिंथेटिक ओढणी पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. पदर खोचलेला, ओढणी बांधलेली. मुलांसाठी खडूने रेघ आखा, जाळापासून सहा फुटांवर, आणि रेघेच्या आत पळापळ नाही. दारू प्यायलेल्या माणसाने लाकूड सरकवायचं नाही. हे मोठ्याने सांगायला लागतं.

होळीचं थोडं वेगळं. मधोमध एरंडाची फांदी किंवा खांब रोवतात तो जळून कुठे पडणार हे आधी ठरवा, त्या दिशेला कोणी उभं राहणार नाही. नैवेद्याच्या पोळ्या आणि नारळ लांबून टाका; नारळ फुटतो तेव्हा गरम पाणी उडतं. गोवऱ्यांची छोटी होळी तेवढीच चालते, देवाला फुटांचं माप लागत नाही.

गेटवरची शेकोटी

सोसायटीतला सगळ्यात घातक जाळ शनिवारच्या पार्टीचा नसतो. तो गेटवरचा असतो, पहाटे चारला, एका तेलाच्या रिकाम्या डब्यात, सोसायटीनेच टाकून दिलेल्या प्लायवूडच्या फळ्या, खोक्याचा पुठ्ठा आणि हाताला लागेल ते प्लॅस्टिक घालून केलेला. वॉचमनकाकांना दोष देण्यात अर्थ नाही. बारा तासांच्या ड्युटीत आठ अंश तापमानात माणूस दुसरं काय करणार? दिल्लीत हवा बिघडली की वसाहतींनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर द्यावेत असा सरकारी आदेशच निघतो. आपल्या कमिटीने आदेशाची वाट न बघता केबिनमध्ये एक हीटर, जाड जॅकेट, कानटोपी आणि थर्मासभर चहा द्यावा. दंडापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि थंडी वाढली की निखाऱ्यांची शेगडी केबिनमध्ये ओढून दार लावून घेतात, ते तर ताबडतोब बंद करायला सांगा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. फार्महाऊसवर तंबूत किंवा खोलीत "उबेला" शेगडी नेणाऱ्यांनाही हेच लागू. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही सुरुवात. तेव्हा आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108ला फोन करा.

पालापाचोळ्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. कोपऱ्यात कोंबडीजाळीचा तीन फूट रुंद, तीन फूट उंच पिंजरा करा, पाला दाबून भरा, शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा, आठवड्याला पाणी मारा. पाच-सहा महिन्यांत खत होतं. जागा नसेल तर पुण्यात 'ब्राउन लीफ' ही चळवळ पाला नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून देते. मागणी असते, कारण गच्चीवर बाग करणाऱ्यांना वाळका पाला सोन्यासारखा लागतो.

विझवणं

पूर्वी रात्री चूल आवरताना निखारा राखेखाली पुरून ठेवत आणि पहाटे राख बाजूला करून त्याच निखाऱ्यावर चूल पेटवत. माती टाकून शेकोटी "विझवणारे" नेमकं हेच करत असतात. वरून गार, आत लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं त्याच मातीवर अनवाणी खेळतात.

म्हणून उठायच्या अर्धा तास आधी लाकूड घालणं थांबवा. मग पाणी, एकदम ओतून नाही, वाफेने हात भाजतो. लांबून, शिंपडत, कडेकडेने. फावड्याने निखारे उलटापालट करा, पुन्हा पाणी, पुन्हा उलटापालट. सूं आवाज यायचा बंद झाला की हाताची मागची बाजू राखेच्या इंचभर वर धरा. ऊब लागली तर अजून विझलेलं नाही. मोठ्या लाकडाची खालची बाजू तपासा, जाळ तिथेच लपतो.

तरी कोणाला भाजलंच तर: नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीही लावायचं नाही. डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं. चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ फडक्याने सैल झाका. चेहरा, हात, सांधा, जननेंद्रिय यांपैकी कुठेही भाजलं असेल, किंवा जखम आपल्या तळहाताहून मोठी असेल, तर सरळ दवाखाना. कपड्यांनी पेट घेतला तर पळू द्यायचं नाही: आडवं पाडा, लोळवा, सतरंजी टाका. आग आवाक्याबाहेर वाटली तर 101 किंवा 112, आणि फोन करणाऱ्याने गेटपाशी उभं राहून गाडीला वाट दाखवायची.

राख दुसऱ्या दिवशी झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा घंटागाडीत नको. आत एखादा जिवंत निखारा राहिला तर कचऱ्याची गाडीच पेटते. दोन दिवसांनी, पूर्ण गार झाल्यावर, शुद्ध लाकडाची आणि गोवऱ्यांची राख मूठमूठ खताच्या पिंजऱ्यात घाला. जाळात कोणी गुपचूप प्लायवूड किंवा रंगवलेली फळी टाकली असेल तर ती राख झाडांना घालायची नाही, वेगळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यायची.